सदतीस रुपये जास्त

हिशोब जुळला नाही की माणसं
काय कमी पडलं ते शोधतात.
आमचे जास्त निघाले. सदतीस.

शनिवार, रात्रीचे साडेनऊ, बडोद्यात दांडिया बाजारच्या पाठीमागे
मराठी शाळेतला दुसरीचा वर्ग.
बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला,
आणि त्यांवर आम्ही पालक समितीवाले,
केसांपासून चपलांपर्यंत शेवउसळीच्या वासाचे.

दिवसभर फाटकाशी पातेलं मांडलं होतं.
सामान ज्याचं त्याने आणलेलं.
तरी शकुबाई महाल्यांची, खानदेशी हाताची;
घोरपडे वहिनी गुपचूप पाणी घालून यायच्या,
शकुबाई गुपचूप तिखट.
चाळीस रुपये प्लेट, पाव वेगळा मोजायचा नाही,
एवढं ठरवायलाच तीन बैठका गेल्या होत्या.

मी खजिनदार झाले
कारण पहिल्या बैठकीला उशिरा पोचले.

आणि हे सगळं एका दारासाठी.
मुलींच्या संडासाचं दार, खालून गंजलेलं, कडी नसलेलं.
एक आत गेली की दुसरी बाहेर
पायाने दार दाबून उभी.

दोनशे छत्तीस प्लेटा. एकशे एकोणतीस मोबाईलवर,
त्या मान्यांनी जुळवल्या; झेरॉक्सच्या दुकानात बसून
त्यांना कागदाशी कागद लावायची सवय.
उरल्या एकशे सात.
म्हणजे चार हजार दोनशे ऐंशी.
बिस्किटांच्या डब्यात चार हजार तीनशे सतरा.
पुन्हा मोजले, दहादहाच्या चळती लावून.
चार हजार तीनशे सतरा.

घोरपडे वहिनी म्हणाल्या, देवाचे समजा.
माने म्हणाले, देवाची पावती कोण फाडणार?
फणसे, दिवसभराची रिक्षा बुडवून आलेले,
जांभई देत म्हणाले, तीन कटिंग येतील, चला.

पण डब्याच्या तळाशी एक पुडी होती,
सगळ्यात आधी पडलेली.
आत नाणी, एकाची आणि दोनाची.
पुडीचा कागद गणिताच्या वहीचा, चौकटींचा,
त्यावर एक बेरीज,
हातचा घ्यायला विसरलेली.

तेव्हा मला ती यादी आठवली.
वर्गणी न दिलेल्या एकतीस नावांसमोर
मीच तांबड्या पेनाने, वळणदार अक्षरात
लिहिलं होतं : माफ.
आणि यादी लावली होती दर्शनी भिंतीला,
पारदर्शक कारभार म्हणून.

माफ. कशाबद्दल?
काय केलं होतं त्यांनी?

बाहेर नळावर शकुबाई पातेलं घासत होत्या.
त्यांच्या यमुनेचं नाव एकोणिसावं.
मी विचारलं नाही.
घासण्याचा आवाज मध्येच वाढला,
का मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

पावती क्रमांक एकशे अठरा.
रुपये अक्षरी सदतीस फक्त.
नावाच्या रेघेवर पेन टेकवलं,
तिथे एक ठिपका पडला, तो तसाच आहे.
ती पावती मी फाडली, पण कुणाला देणार?
पावतीपुस्तकातच घडी करून ठेवली.
आणि जाताना भिंतीवरची यादी काढली.
चिकटपट्टीबरोबर रंगाचा एक टवका निघाला.

मंगळवारी मांडवीत हिंमतभाईंच्या दुकानात
दार घेतलं, फायबरचं, पोपटी.
कडी दाखवा म्हटलं, जाड, न हलणारी.
त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली,
म्हणाले, "कडी मारा तरफथी, बेन."
मान्यांनी कपाळाला हात लावला :
पंच्याऐंशी रुपये पुन्हा जास्त.

आता मधल्या सुट्टीत
खट् आणि खट्, कडीच वाजत असते.
काही जणी नुसतीच लावून बघतात.
बाहेर अजून एक जण उभी असते, सवयीने,
पाय दाराला टेकलेला,
दाबलेला नाही.

नव्या वहीत रकाने आखले :
नाव, इयत्ता, रक्कम, तारीख.
पाचव्या रकान्याला मथळा लागतो.
माने रोज विचारतात.
मी म्हणते, शोधतेय.